आमचा १९ कुठेच उलटसुलट का होत नाही

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, अजिंठा चौफुलीला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, बाहेर ऊन असं की डांबर चटका देई, गाडीतला एसी नुसता आवाज करून राहिला होता आणि मागे बसलेला भाचा कंटाळून नंबरप्लेटा वाचत होता. त्याचा एक खेळ आहे, उलटीकडून वाचला तरी तोच राहतो असा नंबर शोधायचा. १२२१, ७४४७ असले. त्याच्या भाषेत त्याला 'उलटसुलट' म्हणतात, पुस्तकातला शब्द वेगळा आहे पण आपण त्याचाच घेऊ. मध्येच म्हणाला, "मामा, आपल्या खान्देशाची लाईनच खराब आहे. धुळे १८, जळगाव १९, नंदुरबार ३९. एक पण उलटसुलट नाही."

मी म्हटलं, तसं नाही भो, १८ आणि ३९ होतात. दहाच्या हिशेबात नाही होत, पण दुसऱ्या हिशेबात होतात. १९ मात्र कुठेच होत नाही. तो म्हणे दुसरा हिशेब म्हणजे काय. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले आणि विषय राहिला. घरी आल्यावर रात्री गच्चीवर समजावला, तोच इथे लिहितो. मी काही गणिताचा प्रोफेसर नाही, लोकांचे हिशेब लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे पापडापासूनच सुरू करणार.

तर आमची आजी उन्हाळ्यात बिबडे करायची, ज्वारीचे, खाटेवर धोतर अंथरून वाळत घालायची आणि वाळले की चळती रचून डब्यात. आता समजा १९ बिबडे आहेत. दहा-दहाची चळत लावली तर एक चळत आणि ९ सुटे, म्हणून आपण १ आणि ९ लिहितो. बस, '१९' या लिखाणात याच्यापेक्षा जास्त काही नाही. पण डबा लहान आहे, चळत आठाचीच मावते, तर दोन चळती होतील आणि ३ सुटे. मग तेच बिबडे २-३ असे लिहिले जातील. तेवीस नव्हे हां, 'दोन-तीन'. दहाचा हिशेब सोडला की मी मध्ये आडवी रेघ टाकणार, म्हणजे घोळ नको. चळत कितीची लावायची त्या आकड्याला पुस्तकात पाया म्हणतात, पोरं बेस म्हणतात, मीही बेसच म्हणतो. चळती पण जास्त झाल्या, तर जितक्याची चळत तितक्या चळतींचा एक डबा, तितक्या डब्यांची एक पेटी, असं वर वर जायचं. बेस ८ मध्ये चळत आठाची, डबा चौसष्टचा, पेटी पाचशे बाराची. दहामध्ये दहा, शंभर, हजार.

मी लहान असताना आजीला असंच काहीतरी शाळेतलं सांगायला गेलो होतो, की हे दोन-तीन पण लिहिता येतात आणि एक-नऊ पण. ती बिबडा उलटवत म्हणाली, "कसंबी लिख रे भाऊ, पापड ते तितलाच शेतस ना." म्हणजे कसंही लिही, पापड तेवढेच आहेत ना. तेव्हा हसलो होतो. पण गणितातले लोक संख्या आणि तिचं लिखाण यांत जो फरक करतात तो हाच आहे. काही गुण पापडांचे असतात, ते चळत बदलली तरी जात नाहीत. काही गुण चळतीचे असतात, चळत बदलली की गेले. अवघड एवढंच, की वरवर दोन्ही सारखेच दिसतात.

आता उलटसुलट होणं हा उघड उघड चळतीचा गुण. १८ घ्या. आठाच्या चळती लावल्या तर दोन चळती, २ सुटे: २-२. झाला उलटसुलट. पाचाच्या लावल्या तर ३-३. परत झाला. नंदुरबारचा ३९, बाराच्या चळती लावा, तीन चळती छत्तीस, सुटे ३: ३-३. धुळेवाले खूश, नंदुरबारवाले खूश.

हे मी गाडीत पटकन कसं सांगितलं, तर त्यात एक युक्ती आहे आणि ती इतकी सोपी आहे की कुणी शाळेत का सांगत नाही कळत नाही. १८ म्हणजे २ गुणिले ९. मोठ्या आकड्यातून एक काढा, ९ चे ८ झाले, तोच बेस. बेस ८ मध्ये २-२. का? तर २ चळती आठाच्या म्हणजे १६ आणि २ सुटे. प्रत्येक चळतीवर एकेक सुटा ठेवला की ९-९ च्या दोन होतात, म्हणजेच २ गुणिले ९. उलट बाजूने बघायचं तर, नऊ-नऊच्या दोन चळतींवरून एकेक पापड खाली काढून ठेवला, बस. ३९ म्हणजे ३ गुणिले १३, तर बेस १२, लिखाण ३-३. ५२ म्हणजे ४ गुणिले १३, तर बेस १२ मध्ये ४-४. कुठलाही नंबर सांगा, दोन आकड्यांत फोडता आला आणि ते दोघे एकमेकांना चिकटून नसले की काम झालं.

चिकटून म्हणजे? २ गुणिले ३. बेस ३ वजा १ म्हणजे २, पण बेस २ मध्ये '२' हा अंकच नसतो, दोन सुटे झाले की त्यांची चळतच होते. म्हणून ६ या युक्तीतून सुटतो, आणि तसाच लहानपणामुळे ४ सुटतो. ३ गुणिले ४ म्हणजे १२ ला पण हीच अडचण, पण तो २ गुणिले ६ असाही फुटतो, म्हणून बेस ५ मध्ये २-२ होतो. आणि दोन्ही आकडे सारखेच असले तर? २५ म्हणजे ५ गुणिले ५. बेस ४ घ्या: १६ चा एक डबा, चाराच्या दोन चळती, एक सुटा. १-२-१. उलटसुलट! ४९ बेस ६ मध्ये: ३६ अधिक १२ अधिक १, परत १-२-१.

या १-२-१ चं मला फार कौतुक आहे. आपल्या दहाच्या हिशेबात १२१ म्हणजे अकराचा वर्ग, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बेस ८ मधलं १-२-१ म्हणजे ६४ अधिक १६ अधिक १, किती झाले? ८१. नवाचा वर्ग. बेस १२ मध्ये १४४ अधिक २४ अधिक १, १६९, तेराचा वर्ग. बेस ३ पासून पुढे कुठलाही बेस घ्या, १-२-१ असं लिहिलेली संख्या पूर्ण वर्गच निघणार. कारण १-१ गुणिले १-१ करताना हातचा येतच नाही. अंक १, २, १, मध्ये कुठेही चळत भरत नाही, त्यामुळे चळत कितीची आहे हे गुणाकाराला कळतच नाही बिचाऱ्याला. तसंच १-३-३-१ हा बेस ४ पासून पुढे कायम घन. म्हणजे इथे संख्या बदलत राहते आणि लिखाण तेच राहतं, आणि गुण लिखाणासोबत जातो. मघाशी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं झालं की नाही.

आता आमचा १९. हा फुटतच नाही, मूळ संख्या आहे. आजीचे १९ बिबडे तुम्ही खाटेवर सारख्या सारख्या ओळींत मांडू पाहा, एका लांबलचक ओळीशिवाय जमणार नाही, आणि ही गोष्ट कुठल्याही बेसमध्ये लिहिली तरी तशीच राहते. हा पापडांचा गुण. म्हणून वरची युक्ती चालत नाही. पण त्यावरून तो कुठेच उलटसुलट नाही असं लगेच ठरत नाही, कारण १७ पण मूळ आहे आणि तो बेस २ मध्ये १-०-०-०-१ आणि बेस ४ मध्ये १-०-१, एकदम देखणा. ३१ तर बेस २ मध्ये १-१-१-१-१. २३ बेस ३ मध्ये २-१-२.

मग १९ साठी सगळे बेस तपासायचे का, २, ३, ४, ५ करत? भाच्याने वही काढली आणि लिहायला बसला. बेस ५ मध्ये ३-४. बेस ६ मध्ये ३-१. बेस ७ मध्ये २-५, ८ मध्ये २-३, ९ मध्ये २-१, मग आपला १-९, मग ११ मध्ये १-८, १२ मध्ये १-७, असं करत करत तो १-६, १-५, १-४ उतरत गेला आणि मग थांबून म्हणाला, हे तर नुसतं घसरत चाललंय. बरोबर आहे. ते घसरत शेवटी बेस १८ मध्ये १-१ होतं. पण ते मोजायचं नाही, कारण प्रत्येक संख्या स्वतःपेक्षा एकने कमी बेसमध्ये १-१ असतेच, एक चळत आणि एक सुटा. ते फुकटचं आहे. स्वतःपेक्षा मोठ्या बेसमध्ये तर एकच अंक, तो उलटा काय नि सुलटा काय. ते पण फुकटचं.

पण खरं तर एवढं लिहायची गरज नव्हती. दोन अंकी उलटसुलट म्हणजे दोन्ही अंक सारखे, आणि मघाशी बघितलं की दोन्ही सारखे असले की संख्या फुटते, २-२ म्हणजे २ गुणिले बेस-अधिक-एक. १९ फुटत नाही, म्हणजे दोन अंकी लिखाणात तो फुकटचं १-१ सोडून उलटसुलट होऊच शकत नाही. राहिले तीन किंवा जास्त अंकवाले बेस. तीन अंक व्हायला बेसचा वर्ग १९ च्या आत पाहिजे, म्हणजे २, ३, ४ एवढेच. बेस २ मध्ये १-०-०-१-१. बेस ३ मध्ये २-०-१. बेस ४ मध्ये १-०-३. संपलं. तीन ओळींत सिद्ध झालं की १९ कुठेच उलटसुलट होत नाही.

असे हट्टी आकडे कमी आहेत. ४ आणि ६ सारखे बारके सोडले तर ११, १९, ४७, ५३, ७९, १०३ असे येतात, आणि सहाच्या पुढचे सगळेच्या सगळे मूळ. यातला ११ मला खास आवडतो, कारण आपल्याला सगळ्यात उलटसुलट तोच वाटतो, पण दहाच्या बेसमधलं ते १-१ म्हणजे फुकटचंच की. दुसरीकडे बघा, बेस २ मध्ये १-०-१-१, बेस ३ मध्ये १-०-२. साताऱ्याचा ११, जळगावचा १९, बोरिवलीचा ४७. भाच्याला जाम आनंद झाला, मघाशी खराब असलेली लाईन आता एकदम स्पेशल झाली होती. आणि गंमत बघा, एका बेसमधलं उलटसुलट होणं हा चळतीचा गुण, पण 'कुठल्याच बेसमध्ये न होणं' हा परत पापडांचा गुण झाला, कारण त्यात कुठल्या एका चळतीचं नावच उरलं नाही.

सम-विषम पण असंच फसवतं. आपण शेवटचा अंक बघून सांगतो कारण दहा स्वतः सम आहे, चळती कितीही असोत त्या समच. पण बेस ५ मधला १९ म्हणजे ३-४, शेवटी ४ आहे आणि तरी विषम. विषम बेसमध्ये शेवटच्या अंकाला विचारून उपयोग नाही, सगळ्या अंकांची बेरीज करायची, ३ अधिक ४ सात, विषम, तर संख्या विषम. सम-विषमपणा पापडांचा, ओळखायची खूण मात्र चळतीची.

आता कुणी म्हणेल हे सगळं रिकामटेकड्यांचे उद्योग, खरे हिशेब दहानेच होतात. १ एप्रिल १९५७ च्या आधी या म्हणावं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. जुन्या वह्यांत ५-७-९ असं लिहिलेलं असतं, पाच रुपये सात आणे नऊ पै, आणि त्यात प्रत्येक घराची चळत वेगळी, पैच्या घरात बाराची, आण्याच्या घरात सोळाची. याला मिश्र बेस म्हणायचं. पुढच्यांना हे गचाळ वाटतं, पण वाटणी करून बघा. रुपया तिघांत वाटायचा तर ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, एकदम साफ. आज तिघांत रुपया वाटा बरं, ३३ पैसे आणि पुढे ३ चं शेपूट संपतच नाही. सहा जणांत दोन आणे आठ पै. आठ जणांत दोन आणे. पण पाच जणांत नाही जमत, १९२ ला पाचाने भाग जात नाही, तिथे नवा रुपया जिंकतो, वीस-वीस पैसे. कुठला अपूर्णांक सुटसुटीत आणि कुठला शेपटीवाला, हे बेसच्या पोटात कोणते आकडे आहेत त्यावर ठरतं. दहाच्या पोटात २ आणि ५. एकशे ब्याण्णवच्या पोटात २ आणि ३. म्हाताऱ्यांची पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची त्यामागे ही सोय होती, रुपयाचा पाव म्हणजे चार आणे, पाऊण म्हणजे बारा आणे, कुठे अडायचंच नाही.

आणि हे आण्यांच्याही खूप आधीचं आहे. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीला सगळे जातात, तिथे भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, १२०७ सालचा शिलालेख आहे तसा. त्या आजोबांच्या लीलावतीत सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक दिलंय: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. ग्रंथ ११५० चा. निष्क-द्रम्म-पण हा सरळ सोळाचा बेस, कंप्युटरवाले मेमरीचे पत्ते लिहायला वापरतात तोच. आणि एका निष्काच्या काकिणी किती होतात करा: १६ गुणिले १६ गुणिले ४, १०२४. कंप्युटरच्या केबीचा १०२४! यात काही गूढ नाही बरं, दोनाने दुप्पट करत गेलं की दोघेही त्याच ठिकाणी पोचणार. लगेच 'आपल्याकडे तेव्हाच कंप्युटर होता' असे मेसेज फिरवू नका, हात जोडतो. कवडीच्या घरात विसाची चळत आणि काकिणीच्या घरात चाराची, हे कुठला कंप्युटर करत नाही.

सगळ्यात भारी बेस मात्र तराजूचा आहे. एका वाण्याकडे मणाचा म्हणजे ४० शेरांचा दगड होता, तो पडून फुटला आणि चार तुकडे झाले. वाणी रडायला लागला, तर कळलं की त्या चार तुकड्यांनी १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कुठलंही वजन करता येतं. तुकडे केवढ्याचे? फ्रान्सच्या बाशे नावाच्या गणितज्ञाच्या १६१२ च्या पुस्तकात हे कोडं आहे, तिथे शेरांऐवजी पौंड. उत्तर: १, ३, ९, २७. बेस ३ ची घरं. बेरीज केली तर बरोब्बर ४०. पण युक्ती ही की माप मालाच्या पारड्यातही ठेवता येतं. २ शेर तूर मोजायची तर एका पारड्यात ३ चा दगड, आणि तुरीच्या पारड्यात १ चा. २० शेर पाहिजे तर २७ आणि ३ इकडे, ९ आणि १ मालासोबत. ३० वजा १०. प्रत्येक दगडाला तीनच जागा, समोरच्या पारड्यात, मालाच्या पारड्यात, नाहीतर खाली जमिनीवर. म्हणजे अंक तीनच, अधिक एक, वजा एक, शून्य. चार दगडांच्या तीन-तीन जागा, एकूण ८१ मांडण्या होतात, ४० इकडच्या, ४० तिकडच्या आणि एक सगळे दगड जमिनीवर असलेली. एकही वाया जात नाही आणि एकही वजन दोनदा येत नाही.

या लिखाणात वजा संख्येला वेगळं चिन्ह लागत नाही, पारडी अदलाबदल केली की झाली वजा. आणि सम-विषम पण दिसतं: किती दगड वापरले ते मोजा, कारण १, ३, ९, २७ सगळे विषम. २० ला चार दगड लागले, सम. २५ ला २७ आणि ३ आणि १ असे तीन लागतात, विषम. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह यांनी १९५८ मध्ये सेतून नावाचा कंप्युटर असाच बनवला, ० आणि १ ऐवजी अधिक, शून्य, वजा असा. सुमारे पन्नास मशीनी निघाल्या, नंतर बंद पडलं. दोनवाल्यांचं वजन जास्त पडलं.

उणे बेस पण असतो, उणे १० घेतला तर घरं १, उणे १०, अधिक १००, उणे १००० अशी. १२ तिथे १-९-२ लिहायचा, १०० वजा ९० अधिक २. आणि उणे १२? २-८, म्हणजे उणे २० अधिक ८. वजाचं चिन्हच नाही. भाच्याला हे मुळीच आवडलं नाही, मलाही फार नाही, पुढे जाऊ.

आता अंकांच्या बेरजेवर येतो, कारण आमच्या घरात हा विषय तापलेला आहे. दाजींनी गाडीला ४५४५ नंबर घेतला, जास्तीचे पैसे भरून, कारण बेरीज १८ आणि १८ ची ९, आणि नऊ त्यांना लाभतो. माझं म्हणणं, नऊ तुम्हाला लाभो नाहीतर न लाभो, पण तो ४५४५ चा जेवढा आहे तेवढाच दहाचा पण आहे. बेरीज करत गेलं की ९ का येतो? चळत दहाची असते, तिच्यातून एक पापड बाहेर काढला तर ९ राहतात. शंभरातून एक काढला ९९, हजारातून ९९९. म्हणजे प्रत्येक चळत, डबा, पेटी यातून एकेक सुटा काढला की मागे जे राहतं त्याला नवाने भाग जातोच, आणि सुटे जेवढे जमले ती झाली अंकांची बेरीज. म्हणून त्या सुट्यांना नवाने भाग गेला तर सगळ्या संख्येला जातो. हा मान नवाला मिळाला तो दहाच्या शेजारी बसला म्हणून. बेस ८ मध्ये हा मान सातला, बेस १६ मध्ये पंधराला. आपल्या हाताला सहा-सहा बोटं असती आणि आपण बारा-बाराच्या चळती लावत असतो तर दाजींनी ११ च्या मागे पैसे घातले असते.

देवळालीचे कापरेकर मास्तर, शाळेत शिकवायचे, त्यांनी या अंकांच्या खेळातच जन्म घातला आणि जगात नाव केलं. त्यांच्या एका प्रकाराचं नाव हर्षद संख्या, म्हणजे जिच्या अंकांच्या बेरजेनेच तिला भाग जातो अशी. १८: बेरीज ९, भाग जातो, हर्षद. १९: बेरीज १०, नाही. आता एक डझन केळी घ्या, आपण जळगाववाले, केळ्याशिवाय लेख संपत नाही. १२. बेरीज ३, भाग जातो. आता चळत बदला. बेस २ मध्ये १-१-०-०, बेरीज २, जातो. बेस ३ मध्ये १-१-०, बेरीज २. बेस ४ मध्ये ३-०. बेस ५ मध्ये २-२, बेरीज ४, जातो. ६ मध्ये २-०. ७ मध्ये १-५, बेरीज ६, जातो. ९ मध्ये १-३, बेरीज ४, जातो. ११ मध्ये १-१, बेरीज २. सगळीकडे जातो! फक्त एकच बेस मी मध्ये गाळला, आठ. तिथे १-४, बेरीज ५, आणि बाराला पाचाने भाग जात नाही. जगातल्या सगळ्या बेसपैकी डझनभर केळी एकट्या आठमध्ये अडतात. न अडणारे म्हणजे सगळ्याच बेसमध्ये हर्षद असे आकडे फक्त चार, १, २, ४ आणि ६.

कापरेकरांचं जास्त गाजलेलं ते ६१७४. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, परत परत करा, ६१७४ वर येऊन थांबता. करून बघाच एकदा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत पोचता. पण ते सुद्धा दहाच्या चळतीचं आहे, चळत बदलली की तो ६१७४ साधा नंबर होऊन बसतो.

तर दाजींना सांगायला म्हणून त्यांचा ४५४५ मी बेस ८ मध्ये करून बघितला, म्हटलं दाखवू यांना की तुमचा नऊ कसा गायब होतो. आठाने भागत गेलो. ५६८ आणि बाकी १. ७१ आणि बाकी ०. ८ आणि बाकी ७. १ आणि बाकी ०. शेवटी १. बाक्या खालून वर लिहिल्या, १-०-७-०-१. माझ्या आधी भाच्यानेच ओरडून सांगितलं, मामा, उलटसुलट! मी मुद्दामून निवडला नव्हता हो, दाजींनी नवासाठी घेतलेला नंबर होता. वर अंकांची बेरीज केली तर १, ७ आणि १, परत नऊच. माझी तर बोलतीच बंद झाली. मी सांगायचा प्रयत्न केला की आठाच्या हिशेबात तो नऊ म्हणजे १-१, आणि त्याची बेरीज २, शेवटी दोनच उरतात, सातने भागलं तर बाकी २ येते बघा. कोण ऐकतंय. दाजी रात्री शेवभाजी खाताना सगळ्यांना सांगून राहिले होते की आपला नंबर सगळ्या हिशेबात लकी निघाला, साल्याने स्वतः गणित करून दाखवलं. आता भाचा त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर घेऊन बसलाय, बेस ५ पर्यंत पोचलाय.